कथा कोण सांगतो? : बोलपटाच्या तंत्राविषयी काही विचार

मराठी वाङ्मयविचारात 'तंत्र' या शब्दाने जितके वाद माजविले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाने माजविले असतील. ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' हा ग्रंथ लिहून ललितकथेच्या रचनेची शास्त्रशुद्ध चर्चा आरंभिली, आणि तेव्हापासून आमच्याकडे दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे असे की, कथा कितीही उदात्त असो, ती रचावयास न येईल तर सारे व्यर्थ. दुसऱ्याचे म्हणणे असे की, जीवनाचा आशय हाच खरा, तंत्र हा केवळ त्याचा पोशाख. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर पुष्कळ बाण सोडले; परंतु एका गोष्टीविषयी दोघांचेही एकमत होते, आणि ते एकमतच आम्हांस चुकीचे वाटते. तंत्र आणि कथा या दोन वेगळ्या वस्तू असून एक दुसरीवर चढविता किंवा उतरविता येते, असे दोघेही गृहीत धरून चालले होते. हे गृहीत किती लटके आहे, हे चित्रपटाच्या क्षेत्रात जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र कोठे दिसत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. तीत यमू स्वतःची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते. हेच कथानक एखाद्या सर्वज्ञ निवेदकाने सांगितले असते, तर प्रसंग तेच राहिले असते, माणसे तीच राहिली असती. परंतु वाचक यमूकडे पाहत बसला असता, यमूच्या डोळ्यांनी पाहता ना. या निवडीस अलंकार कसे म्हणावयाचे? जी गोष्ट आपण वाचली, तिचा प्राणच त्या निवडीत आहे. तंत्राचा पहिला प्रश्न 'कसे सांगावे' हा नसून 'कोण सांगतो आणि कोठे उभा राहून सांगतो' हा आहे. कादंबरीत हा प्रश्न व्याकरणातील पुरुष सोडवितो. चित्रपटात तो भिंगाची जागा सोडविते.

चित्रपटाचे दुसरे मोठे साधन म्हणजे चित्रांची जुळणी. रशियातील दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याचा या बाबतीतील प्रयोग आता जगप्रसिद्ध आहे. मोझ्झुखिन नावाच्या नटाचा निर्विकार चेहरा त्याने एकदा रश्श्याच्या ताटलीशी, एकदा शवपेटिकेशी आणि एकदा निराळ्याच एका चित्राशी जोडून दाखविला. चेहरा प्रत्येक वेळी तोच होता. परंतु प्रेक्षकांस त्यात कधी भूक दिसली, कधी शोक दिसला. आमच्या साहित्यशास्त्रास यात नवल वाटण्याचे कारण नाही. अर्थ एका शब्दात नसतो, दुसऱ्यातही नसतो. तो दोहोंच्या सान्निध्यातून ध्वनित होतो, हे आनंदवर्धनाने हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. काव्यातील ध्वनी ग्रहण करणारा सहृदय आपण काही ग्रहण करीत आहोत हे जाणत असतो. चित्रपटातील प्रेक्षकास मात्र, आपण जे पाहिले ते पडद्यावरच होते, आपल्या मनाने त्यात काही भर घातली नाही, असे वाटते. म्हणूनच या कलेचे सामर्थ्य मोठे आणि म्हणूनच तिची जबाबदारीही मोठी.

यावर कोणी म्हणेल की, मग चित्रपट म्हणजे एक प्रकारची फसवणूकच झाली! दादासाहेब फाळके यांनी या आक्षेपाचे उत्तर कृतीने देऊन ठेविले आहे. त्यांच्या १९१९ च्या 'कालियामर्दन' या मूकपटात कृष्णाचे काम त्यांची कन्या मंदाकिनी हिने केले. चित्रपटाच्या आरंभी ही मुलगी आपल्या चेहऱ्यावरील नाना भाव प्रेक्षकांस दाखविते, आणि मग तिच्या ठिकाणी कृष्ण दिसू लागतो. म्हणजे दादासाहेबांनी सोंगाआधी सोंग घेणारा चेहरा दाखविला. तरीही लोकांनी त्या कृष्णास भक्तिभावानेच पाहिले. दशावतारात किंवा लळितात देव झालेला नट शेजारच्या आळीतला आहे हे ठाऊक असूनही हात जोडणाऱ्या आमच्या लोकांस यात विसंगती वाटलीच नाही. प्रेक्षक भोळा असतो हा सुशिक्षितांचा समज आहे. तो भोळा नसतो. तो राजी असतो. आणि तंत्राची खरी परीक्षा, तो कशास राजी झाला, यात आहे.

या कसोटीवर आम्ही प्रथम 'प्रभात'चा 'संत तुकाराम' घेतो. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९३६ साली आला, मुंबईत वर्षाहूनही अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा सन्मान झाला. या सर्व गोष्टी वाचकांस ठाऊक आहेत. आम्हांस मात्र हा चित्रपट प्रथम भेटला तो अगदी निराळ्या ठिकाणी. दौंड तालुक्यातील खुटबाव गावी आमच्या बाळपणी यात्रेच्या दिवसांत तंबूतला सिनेमा येई. मध्ये कनात लावून एका अंगास पुरुष व दुसऱ्या अंगास बायका बसत. यंत्र एकच असल्यामुळे एक रीळ संपले की दुसरे चढवीपर्यंत दिवा लागे, आणि तेवढ्या वेळात अर्ध्या तंबूत पाहिलेल्या कथेची उजळणी होई. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. आज विद्वान लोक 'कथनातील खंड' म्हणून ज्याची चर्चा करतात, तो खंड आमच्या तंबूत यंत्राच्या गरिबीमुळे आपोआपच पडे, आणि प्रेक्षकांची टीका चित्रपट संपण्याची वाट न पाहता तेथेच सुरू होई. आम्ही वयाने लहान असल्यामुळे मातोश्रींबरोबर बायकांच्या अंगास बसलो होतो, आणि पुढील विवेचनाचे श्रेय बरेचसे त्या योगायोगास आहे.

'संत तुकारामा'त दोन प्रकारची तंत्रे शेजारी शेजारी नांदतात. एक चमत्कारांचे तंत्र: आकाशातून धान्याचा वर्षाव होतो, शिवरायांची अनेक रूपे एकदम दिसतात, बुडालेली गाथा नदीतून वर येते, आणि शेवटी तुकोबा गरुडाच्या विमानातून वैकुंठास जातात. फाळके यांच्या काळापासून चालत आलेली ही युक्तिछायालेखनाची परंपरा. दुसरे तंत्र घरातले. तेथे भिंग बहुधा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर असते, चित्र घाई न करता टिकते, अभंग पुरता होऊ दिला जातो, आणि चूल, म्हैस, मुले, रिकामी भांडी ही नुसती शोभा न राहता पात्रांच्या बरोबरीची होतात. या दुसऱ्या तंत्राची अधिष्ठात्री जिजाई आहे. गौरी या नटीने उभी केलेली ही जिजाई नवऱ्यावर चिडते, देवास शिव्या देते, आजारी लेकरासाठी हातात वहाण घेऊन देवळात शिरते. आणि हे सर्व करीत असता ती क्षणभरही हास्यास्पद वा दुष्ट होत नाही. कीर्तनकारांच्या तोंडची कर्कशा 'आवली' आणि ही जिजाई यांत केवढे अंतर आहे! हे अंतर संवादांनी पडलेले नाही. शिव्या त्याच आहेत. अंतर पाडले आहे ते भिंगाने. तुकोबा भजनात रंगलेले असता घरात काय शिजले, काय शिजले नाही, हे पाहण्यास चित्रपट परत परत जिजाईकडे येतो. भक्ताच्या चरित्रास त्याच्या बायकोच्या उंबऱ्यावरून पाहण्याचा हा निर्णय होय. आणि तो निर्णय म्हणजेच या चित्रपटाचे तंत्र.

तंबूत याचा परिणाम कसा झाला, ते आम्हांस अद्याप आठवते. वहाणेच्या प्रसंगी बायकांच्या अंगास हशा पिकला. पण तो उपहासाचा नव्हता, ओळखीचा होता. शेवटी विमान वर निघाले तेव्हा कनातीच्या दोन्ही बाजूंस हात जोडले गेले. आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीस म्हणाली, "त्यो गेला ग बाई देवाकडं. आन् हिनं काय करावं लेकरं घेऊन?" आम्ही पुढे पुष्कळ वाचले, इंग्रजीतील नाट्यसमीक्षा शिकलो आणि शिकविली. परंतु 'संत तुकारामा'वर त्या एका वाक्याहून अधिक मर्मग्राही टीका आम्हांस सापडली नाही. त्या म्हातारीचे हात जोडलेलेच होते. वैकुंठगमनावर तिचा विश्वास होता. तरीही तिचे लक्ष पृथ्वीवर उरलेल्या बाईकडे गेले. कारण दीड-दोन तास चित्रपटाने तिला त्या बाईच्या शेजारी बसविले होते. श्रद्धा आणि शंका एकाच मनात, एकाच क्षणी, एकमेकींस न मारता उभ्या राहाव्यात, ही किमया चमत्काराच्या युक्तीने झालेली नाही. विमान तर कोणीही उडविले असते.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. त्या बायका आधीच तुकोबांच्या होत्या. तुकोबांची पालखी दरवर्षी आषाढीस जाताना खुटबावनजीकच्या यवत गावी मुक्काम करते, आणि यवतकर वारकऱ्यांस पिठलेभाकरी जेऊ घालतात, हे सर्वश्रुत आहे. ज्या बायांनी चुलीपुढे बसून वारकऱ्यांसाठी भाकरी थापल्या, त्यांस भक्तीचा खर्च कोण सोसते हे शिकविण्यासाठी बोलपटाची काय गरज? मग त्या म्हातारीचे वाक्य तंत्राचे फळ, की तिच्या आयुष्याचे? आमचे उत्तर असे की, अनुभव तिचा खराच. पण त्याच म्हातारीने जन्मभर कीर्तने ऐकली होती, आणि तेथे तिने हा प्रश्न विचारल्याचे कोणी ऐकले नसेल. कीर्तनात निवेदक बुवांच्या जागी उभा असतो, तेथून जिजाई म्हणजे परमार्थातील अडथळा. अनुभव प्रेक्षकाजवळ असतोच. त्यास बोलण्याची जागा मिळते की नाही, हे सांगणारा कोठे उभा आहे यावर ठरते. भट्टनायकाने ज्यास साधारणीकरण म्हटले, त्याचा अर्थ आपले सुखदुःख विसरणे एवढाच नव्हे. आपले दुःख केवळ आपलेच नाही हे कळणे, असाही तो घेता येईल.

याच चित्रपटातील आणखी एक गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. त्यातील एक गीत तुकोबांचे नसून शांताराम आठवले यांनी रचलेले आहे. तथापि विष्णुपंत पागनिसांच्या मुखातून, त्या चालीत आणि त्या घरात ते असे आले की, असंख्य लोकांनी त्यास गाथेतलाच अभंग मानले. येथे कोणी फसविले नाही. आठवल्यांचे नाव झाकलेले नव्हते. पण स्वर, चेहरा आणि स्थळ यांच्या जुळणीने कर्तृत्वाचा प्रश्नच श्रोत्यांच्या मनातून पुसून टाकला. कुलेशोव्हचा प्रयोग येथे कानांवर झाला आहे, असे म्हणता येईल.

कानांचा विषय निघालाच आहे, तर 'प्रभात'च्याच 'कुंकू'चा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली काढलेल्या या बोलपटात पार्श्वसंगीत नाही. घरातले व रस्त्यावरचे स्वाभाविक आवाज तेवढे आहेत. विषय जरठकुमारीविवाहाचा. असल्या विषयावर व्हायोलिनच्या करुण सुरांनी प्रेक्षकांस रडविणे किती सोपे होते! दिग्दर्शकाने ते नाकारले. परिणाम असा झाला की, नीरेच्या नकाराचा आवाज प्रेक्षकास नीट ऐकू आला. पार्श्वसंगीत हे पुष्कळदा प्रेक्षकाच्या वतीने आधीच रडून घेते. ते नसल्यामुळे, या मुलीसंबंधी आपले काय मत आहे हे प्रत्येकास स्वतःच ठरवावे लागले. शारदेच्या काळापासून रंगभूमीवर ज्या प्रश्नास गाण्याची जोड मिळाली, त्यास येथे शांततेची मिळाली. आणि ती अधिक झोंबली.

आता जवळच्या काळाकडे वळू. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, आणि मराठी प्रेक्षकांनी त्यास जो प्रतिसाद दिला तो अभूतपूर्व होता. या चित्रपटाची रचना दोन तंत्रांची आहे. पण 'संत तुकारामा'प्रमाणे ती शेजारी शेजारी नसून एकीमागून एक येतात. पूर्वार्धात संथगतीची चित्रे, ऊस, विहीर, अजय-अतुल यांचे थेट अमेरिकेत जाऊन मुद्रित केलेल्या वाद्यमेळाचे संगीत; आजवर परजातीच्या गरीब मुलास जे वैभव चित्रपटाने क्वचितच दिले, ते सर्व पर्श्याच्या वाट्यास येते. उत्तरार्धात आर्ची आणि पर्श्या हैदराबादेस पळून जातात, आणि त्यांच्याबरोबर चित्रपटही आपला सारा शृंगार उतरवून ठेवतो. खोली लहान, काम रोजचे, भांडण क्षुल्लक. आणि शेवटी माहेरची माणसे भेटी घेऊन येतात. त्यानंतर काय घडले हे आपणांस एका लहान मुलाच्या संगतीने कळते. ते मूल रक्तात पाऊल टाकून रडत बाहेर चालू लागते, आणि त्याच वेळी पडद्यावरील सारा आवाज नाहीसा होतो.

हे मौन म्हणजे काय आहे? ज्या चित्रपटाने अर्धा वेळ आपणांस नाचविले, त्याने येथे आपल्या हातातले वाद्य काढून घेतले आहे. 'झिंगाट' लागताच चित्रपटगृहात लोक उठून नाचत, नाणी उधळीत. तेच लोक शेवटी एक शब्द न बोलता बाहेर पडत. मंजुळे यांनी आपल्या १९१३ नंतरच्या साऱ्या चित्रपटसृष्टीचे आमिष प्रेक्षकास दाखविले, आणि तो आत आल्यावर दार लावून घेतले. त्यांच्याच २०१३ च्या 'फँड्री'त शेवटी जब्याने भिरकावलेला धोंडा थेट भिंगावर, म्हणजे आपल्यावर येतो. 'सैराट'मध्ये धोंडा नाही; पण निशाण तेच आहे.

हा परिणाम कथेचा की तंत्राचा, असे कोणी विचारील, तर त्यास आम्ही २०१८ चा हिंदी 'धडक' पाहण्यास सांगू. कथानक तेच, 'सैराट'वरूनच घेतलेले. शेवटी मात्र नायक आणि मूल मारले जातात, आणि नायिका मागे उरते. वरवर पाहता बदल लहान आहे. प्राण जातात ते जातातच. परंतु साक्षीदार बदलला. 'धडक'मध्ये जो घाव दिसतो तो समजणारी एक व्यक्ती पडद्यावर आहे. तिचा शोक पाहून आपला शोक मोकळा होतो. 'सैराट'मधील मुलास काय झाले हे कळतच नाही. ज्यास कळले पाहिजे असा त्या खोलीत एकच उरला आहे, तो म्हणजे प्रेक्षक. साक्षीदाराची निवड ही यमूच्या प्रथमपुरुषाइतकीच कथेच्या गाभ्याची गोष्ट आहे, हे यावरून कळून येईल.

एवढी स्तुती केल्यावर आमचा मतभेदही सांगणे प्राप्त आहे. दोन तंत्रे एकामागून एक ठेवण्यात एक धोका असतो: लोक त्यांस वेगळी करू शकतात. 'सैराट' येऊन गेल्यावर आमच्या भागातील एका वरातीत आम्ही उभे होतो. ध्वनिवर्धकावर 'झिंगाट' गर्जत होते, तरुण मंडळी नाचत होती. आणि सोयरिकीत सात पिढ्यांची जात पाहून झालेली होती. कोणासही त्यात विसंगती वाटत नव्हती. आज जो तो आपल्या हातातील यंत्रावर चित्रपटाचा हवा तेवढाच तुकडा पाहतो. नाच ठेवून घेतो आणि रक्ताळलेली पावले परत करतो. दिग्दर्शकाने लावलेले दार चित्रपटगृहाच्या भिंती असेपर्यंतच टिकते. यात मंजुळे यांचा दोष किती आणि समाजाचा किती, याचा हिशेब आम्ही मांडीत नाही. पण तंत्राचा विचार करणाऱ्याने हे ध्यानात घेतलेच पाहिजे की, जो भाग सुखाने तोडून नेता येतो, तो लोक तोडून नेणारच.

'संत तुकारामा'तील जिजाईस असे तोडता येत नाही. तुकोबांचे भजन ऐकावे, तर तेथे तिची चूल दिसतेच. विमान पाहावे, तर खाली ती उभी असतेच. भक्तीचा आनंद आणि त्याचे मोल ही तेथे एकाच चित्रात आहेत. हे दामले-फत्तेलालांस ग्रंथांतून कळले असे आम्हांस वाटत नाही. ज्या घरांतून ती माणसे आली, त्या घरांत ज्ञानोबा-तुकोबांची नावे आणि रिकामे डबे एकाच फळीवर असत, तेथून ते कळले असावे. म्हणून तंत्र शिकविता येते काय, या प्रश्नास आमचे उत्तर अर्धेच होकारार्थी आहे. भिंग कसे चालवावे हे शिकविता येते. ते कोणाच्या शेजारी नेऊन ठेवावे, हे ज्याचे त्यासच ठरवावे लागते.

यात्रांतील तंबू आता विरळ झाले. कनात गेली, दिवाही गेला, आणि रिळांमधील ती अकरा मिनिटांगणिक मिळणारी फुरसतही गेली. गेल्याचा शोक करण्याचे कारण नाही. कनात काही मोठी न्याय्य वस्तू नव्हती. मात्र तेथे प्रेक्षक एकमेकांच्या देखत चित्रपट पाहत, आणि त्यामुळे त्या म्हातारीचा प्रश्न शेजारणीने ऐकला, आमच्या मातोश्रींनी ऐकला, आणि आम्हांसही ऐकू आला. घरोघरी एकेकट्याने पाहणाऱ्या आजच्या प्रेक्षकाच्या मनात असे प्रश्न येत नसतील असे नाही. पण ते ऐकावयास शेजारी कोणी नसते; आणि टीकाकाराचे काम, आम्हांस वाटते, त्या रिकाम्या जागी जाऊन बसणे एवढेच आहे.